पांढऱ्या शिळेचा पत्ता

पेरू देशातील माचू पिचूचे छायाचित्र पाहिले नाही असा वाचक आज विरळाच. तेथे आगगाडी जाते, पुढे बस जाते. पायीच जायची हौस असेल त्याच्यासाठी जुनी इंका वाट आहे. परंतु तिच्यावरून दिवसाला पाचशे माणसांनाच सोडतात आणि त्या पाचशेंत ओझी वाहणारे हमालही मोजतात. या लेखाचा विषय मात्र ती प्रसिद्ध वाट नाही. तेथून नैऋत्येला, आपुरिमाक नदीच्या खोल दरीपलीकडे, दुसरी एक वाट डोंगर चढते-उतरते. तिच्यावर आगगाडी नाही, बस नाही, आणि कित्येक दिवस माणसांपेक्षा खेचरेच अधिक भेटतात. ती वाट चालणाऱ्याला इंकांच्या शेवटच्या छत्तीस वर्षांतून नेते. आपण जी श्रद्धा रोज प्रार्थनेत उच्चारतो, तिच्या इतिहासातील एक अवघड पानही त्याच वाटेवर उलटले जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

काचोरा नावाच्या खेड्यापासून चालू लागले की पहिला दिवस उतरण्यातच जातो. सुमारे दीड हजार मीटर खाली आपुरिमाक वाहते. केचुआ भाषेत या नावाचा अर्थ ‘बोलणारा देव’ असा होतो, आणि काठावर उभे राहिले की नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते. नदी दिसण्याआधी ऐकू येते. दुसऱ्या दिवशी जेवढे उतरलो तेवढेच पुन्हा चढायचे. एकूण तीस किलोमीटरांच्या आसपास अंतर, पण ते नकाशावरचे. गुडघ्यांचा हिशेब निराळा. दोन दिवसांच्या या शिक्षेनंतर, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांवर, डोंगराच्या खांद्यावर चोकेकिरावचे भग्नावशेष दिसतात. नावाचा अर्थ सोन्याचा पाळणा.

या नावानेच घात केला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत येथे जो जो आला तो सोने शोधत आला. १८३४ साली आलेल्या फ्रेंच गृहस्थाने, १८६१ व १८६५ साली आलेल्या पेरूच्या लोकांनी आपापली नावे दगडी भिंतीवर कोरून ठेवली. १९०९ च्या फेब्रुवारीत हायरम बिंगम हा येल विद्यापीठातील तरुण इतिहास-शिक्षक भर पावसात तेथे पोचला, तेव्हा त्याने ती नावे टिपून घेतली. त्याला तेथे नेणारा होता आपुरिमाक प्रांताचा अधिकारी, आणि त्यालाही खजिनाच हवा होता. सोने कोणालाच मिळाले नाही. मिळाले ते वेगळेच. डोंगराच्या दुसऱ्या उतारावर, कड्याला लावलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या बांधांत, करड्या दगडात पांढरे दगड बसवून काढलेले लामांचे कळप आहेत. लामा म्हणजे तिकडचा ओझे वाहणारा, लोकर देणारा प्राणी. वीसहून अधिक लामा एकामागून एक डोंगर चढताहेत आणि त्यांच्यासोबत त्यांना हाकणारा माणूसही आहे. हे कळप झाडीखाली दडलेले होते. एकविसावे शतक उजाडल्यावरच ते अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. बिंगम तेथून काही शे पावलांवर मुक्काम करून गेला आणि त्याला त्यांचा पत्ताही लागला नाही. सोन्याच्या मागे लागलेल्यांच्या पायांखाली हे मेंढपाळी वैभव निजून होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

अशा उतारांवर शेती करणाऱ्यांनीच जगाला बटाटा दिला. आपल्या घरोघरी शिजणारा बटाटा हा मूळचा अँडीज पर्वताचा, हे भाजी चिरताना कोणाच्या मनात येत नाही. चाक ठाऊक नसलेल्या, लेखनलिपी नसलेल्या या लोकांनी कोलंबियापासून चिले-आर्जेन्टिनापर्यंत सुमारे तीस हजार किलोमीटरांचे रस्त्यांचे जाळे विणले. २०१४ साली युनेस्कोने सहा देशांतील त्या रस्त्यांना मिळून जागतिक वारसा म्हटले. तेव्हा चोकेकिराव ‘दुर्गम’ हे आपले म्हणणे. ते बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ते रस्त्यावरचेच गाव होते. रस्ता मोडला म्हणून ते दुर्गम झाले, आणि रस्ता का मोडला हेच सांगायचे आहे.

१५३३ साली फ्रान्सिस्को पिझारोने कुस्को ही इंकांची राजधानी घेतली आणि मांको नावाच्या तरुण राजपुत्राला बाहुले म्हणून गादीवर बसवले. मांको बाहुले होऊन राहिला नाही. पिझारोच्या भावांनी सोन्यासाठी त्याचा केलेला छळ, साखळदंड, अपमान, हे सारे सोसून १५३६ साली त्याने बंड केले. कुस्कोला महिनोन्‌महिने वेढा घातला, तो फसला. १५३७ साली तो आपली माणसे घेऊन विल्काबांबाच्या डोंगरांत निघून गेला आणि मागचे पूल व रस्ते तोडीत गेला. एक योगायोग येथे नोंदवतो. त्याच १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी रोममधून आज्ञापत्र काढले, की नव्या जगातील हे लोक खरीखुरी माणसे आहेत आणि ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. कागद रोमहून निघाला, तेव्हा ज्या राजासाठी तो होता तो घोड्यांच्या टापांपासून पळत डोंगर चढत होता.

चोकेकिरावहून पुढे चालणारे थोडे. वाट यानामा या वस्तीवरून जाते, नंतर चोकेताकार्पो ही सुमारे साडेचार हजार मीटरांहून उंच खिंड ओलांडते. तेथे पायांखाली अनेक ठिकाणी फरसबंदीचा जुना इंका रस्ताच आहे. खिंडीपलीकडे उतरल्यावर वांकाकाये हे खेडे लागते आणि त्याच्या डोक्यावर, टेकडीच्या माथ्यावर, वित्कोसचा राजवाडा उभा आहे. छप्पर केव्हाच गेले. पण सुमारे दोनशे पंचेचाळीस फूट लांबीची मुख्य इमारत आणि तिच्या पांढऱ्या ग्रॅनाइटच्या चौकटी अजून सांगतात की हा राजाचा वाडा होता.

याच वाड्याच्या अंगणात मांकोचा अंत झाला, आणि तोही उपकारांची फेड म्हणून. पिझारोच्या विरोधी गटातील काही स्पॅनिश फरारी मांकोच्या आश्रयाला आले होते. त्याने त्यांना अन्न दिले, घर दिले, त्यांच्याकडून घोड्यावर बसणे शिकून घेतले. १५४४-४५ च्या सुमारास एका दिवशी तो त्यांच्यासोबत लोखंडी कड्या फेकण्याचा खेळ खेळत असता त्यांनी त्याला मागून भोसकले. राजाचे डोके नेऊन दिले तर आपल्याला माफी मिळेल अशी त्यांची आशा होती. मांकोचा लहान मुलगा तितू कुसी तेथेच होता. त्याच्यावरही भाला फेकण्यात आला. पाय जखमी होऊन तो झुडपांत शिरला म्हणून वाचला. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते त्यानेच पुढे सांगून लिहवून ठेवले म्हणून.

तितू कुसी युपांकी हा या कथेतील सर्वांत गुंतागुंतीचा माणूस. गादीवर आल्यावर त्याने स्पेनशी लढण्यापेक्षा बोलणी लांबवणे पसंत केले. १५६६ साली तह झाला. १५६८ साली त्याने स्नानसंस्कार स्वीकारला आणि गव्हर्नर कास्त्रो यांच्या नावावरून दिएगो दे कास्त्रो हे नाव घेतले. श्रद्धेने की राजकारणाने? बहुधा दोन्ही, राजेलोकांच्या बाबतीत हे निवडता येत नाही आणि कदाचित त्यांनाही येत नसावे. त्याच्या राज्यात संत ऑगस्टीनच्या संघाचे दोन धर्मगुरू आले. फादर मार्कोस गार्सिया हे पुक्युरा गावी राहिले. नंतर आलेले फादर दिएगो ओर्तिज यांनी दुसऱ्या गावी मंदिर बांधले. गार्सिया स्वभावाने कडक. राजाच्या अनेक बायका, दारूचे उत्सव, जुने विधी यांवर ते उघड कोरडे ओढीत. ओर्तिज औषधोपचार जाणत, आजाऱ्यांची सेवा करीत. लोक त्यांच्याकडे येत. १५७० साली तितू कुसीने आपल्या वडिलांची व स्पॅनिश लोकांची हकीकत स्पेनच्या राजासाठी तोंडी सांगितली. ती फादर गार्सियांनी लावून दिली आणि राजाचा मिश्रवंशी चिटणीस मार्तिन पांदो याने लिहून काढली. जिंकणाऱ्यांविरुद्ध जिंकलेल्यांची ती साक्ष आज जगभर वाचली जाते, आणि तिच्या जन्माला एक मिशनरी सुईण होता.

त्याच सुमारास, त्याच मिशनऱ्याने, दुसरेही एक कृत्य केले.

वित्कोसच्या वाड्यापासून थोडे चालले की टेकडीमागे एक शांत, ओलसर खोलगट जागा येते. तेथे युराक रुमी, म्हणजे पांढरी शिळा, आहे. नाव पांढरी, आज तिच्यावर शेवाळाचा करडेपणा चढला आहे. सुमारे पन्नास फूट लांब, पंचवीस फूट उंच असा हा एकसंध ग्रॅनाइट. त्याच्या अंगावर बैठका, पायऱ्या, बाहेर आलेले चौकोनी ठोकळे अत्यंत काटेकोरपणे कोरलेले आहेत. पायथ्याशी झऱ्याचे पाणी साचते. भोवती सूर्याच्या मंदिराच्या भिंतींचे अवशेष आहेत. विल्काबांबातील हे सर्वांत पवित्र स्थान. राजा दूर गेलेला असताना फादर गार्सिया व फादर ओर्तिज यांनी नवख्रिस्ती लोकांना लाकडे घेऊन बोलावले, पुढे क्रूस धरला, पुक्युराहून मिरवणूक काढली, आणि मंदिराला आग लावली. शिळा राहिली, तिच्याभोवतीचे सर्व जळाले.

त्या दिवशी त्या दोघांच्या मनात द्वेष होता असे मला वाटत नाही. सैतानाच्या तावडीतून आपण आत्मे सोडवतो आहोत अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. परंतु प्रामाणिकपणा हा प्रत्येक कृत्याचा परवाना नव्हे. ज्या यजमानाने धर्मगुरूंना जागा दिली, त्याच्या पूर्वजांचे देवघर तो घरी नसताना जाळणे, याला शुभवर्तमानात आधार शोधू गेल्यास सापडत नाही. संतप्त सरदार दोघांनाही मारायला निघाले. तितू कुसीने मारू दिले नाही. गार्सियांना हद्दपार केले. ओर्तिज यांना राहू दिले, कारण ते लोकांना हवे होते. राजाचा हा विवेक आपल्या इतिहासलेखनात क्वचितच सांगितला जातो.

१५७१ साली तितू कुसी अचानक आजारी पडून वारला. त्याला शेवटी औषध दिले गेले होते, त्यावरून विषाचा संशय उठला. पांदोला ठार करण्यात आले. फादर ओर्तिज यांना पकडले. ‘तुमचा देव मेलेल्यांना उठवतो म्हणता, तर मिस्सा करून आमच्या राजाला उठवा,’ अशी मागणी त्यांच्यापुढे ठेवली गेली. त्यांनी मिस्सा अर्पण केली. राजा उठला नाही. मग जबड्यातून दोर ओवून त्यांना दिवसेंदिवस डोंगरवाटांनी ओढत नेले आणि अखेर मारले. ज्यांच्या जखमा त्यांनी धुतल्या होत्या त्यांच्यातलेच काही त्या गर्दीत असणार. ऑगस्टिनियन संघ त्यांना पेरूचा आद्य रक्तसाक्षी मानतो. तो मान त्यांना द्यावा; मात्र शिळेजवळची आग त्या चरित्रातून वगळू नये.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. तितू कुसीचा भाऊ तुपाक आमारू गादीवर आला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो हा कठोर प्रशासक होता. त्याने पाठवलेला दूत मारला गेल्यावर त्याला निमित्त मिळाले. १५७२ साली फौजा विल्काबांबात शिरल्या आणि २४ जूनला, संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणाच्या दिवशी, शेवटच्या राजधानीत पोचल्या. शहर रिकामे होते, आणि जाळलेले. इंकांनी स्वतःच ते पेटवून अरण्य गाठले होते. तुपाक आमारूचा माग काढून त्याला पकडणारा कप्तान होता मार्तिन गार्सिया दे लोयोला. हे आडनाव ओळखीचे वाटले ना? येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांच्या भावाच्या वंशातला, नात्याने त्यांचा नातू. याच कप्तानाचे लग्न पुढे सायरी तुपाक या इंकाच्या मुलीशी, तुपाक आमारूच्या पुतणीशी, लावण्यात आले. कुस्कोतील येशूसंघाच्या चर्चमध्ये त्या विवाहाचे मोठे चित्र आहे. वधूवर दोघेही भरजरी पोशाखात. चित्रात वधूमागे तिचे पूर्वज दिसतात. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून फार काही विचारू नये हे बरे.

कुस्कोत घाईघाईने खटला झाला. तुपाक आमारूने तुरुंगात स्नानसंस्कार घेतला. फादर ओर्तिज यांच्या वधाचा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. तो निर्दोष आहे हे शहरातल्या बहुतेक धर्मगुरूंना ठाऊक होते. सर्व संघांचे वरिष्ठ व्हाइसरॉयकडे गेले आणि गुडघे टेकून त्यांनी राजाच्या प्राणांची याचना केली. त्यांत पोपायानचे बिशप आगुस्तिन दे ला कोरुन्या होते. त्याला मारू नका, स्पेनला पाठवा, राजाला न्याय करू द्या, अशी त्यांची विनवणी. तोलेदो हलला नाही. २४ सप्टेंबर १५७२ रोजी, हजारो माणसांच्या आक्रोशात, कुस्कोच्या चौकात तुपाक आमारूचे डोके उडवण्यात आले. ते भाल्यावर लावले, तर रात्री लोक येऊन त्यापुढे गुडघे टेकू लागले. तेव्हा तोलेदोने ते उतरवून पुरायला लावले.

बिशप कोरुन्या हेही ऑगस्टिनियन होते. एकाच संघाचे तीन पुरुष: एकाने इंकाची साक्ष लावून दिली आणि त्याचे मंदिर पेटवले, दुसऱ्याने त्या आगीत हात घातला, आजारी माणसे बरी केली आणि त्याच माणसांत प्राण दिला, तिसरा त्या रक्ताचा सूड नको म्हणून एका व्हाइसरॉयच्या पायांशी बसला. १५७२ साली कुस्कोत चर्च कोणत्या बाजूला होते, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. विचारणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते आणि माझ्यापाशी ते नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी बोलिव्हियात मूळ रहिवाशांविरुद्ध झालेल्या अपराधांबद्दल क्षमा मागितली. २०२५ साली त्यांच्या जागी आलेले पोप लिओ चौदावे हे ऑगस्टिनियन, आणि पेरूत अनेक वर्षे सेवा केलेले.

आता त्या शिळेकडे परत. तुपाक आमारूनंतर विल्काबांबाला झाडीने गिळले. वित्कोस कोठे होते हेच लोक विसरले. चोकेकिराव म्हणजेच इंकांचे शेवटचे आश्रयस्थान असा कित्येकांचा समज होता. १९०९ च्या प्रवासानंतर लिमाचे इतिहासकार कार्लोस रोमेरो यांनी बिंगमला एक जुने पुस्तक दाखवले. आंतोनियो दे ला कालांचा या ऑगस्टिनियन धर्मगुरूने लिहिलेला, १६३८ साली बार्सेलोनात छापलेला आपल्या संघाचा तो इतिहास. फादर ओर्तिज यांचे हौतात्म्य सविस्तर सांगताना कालांचाने ओघात जाळलेल्या मंदिराचे ठिकाणही नोंदवले होते: वित्कोसजवळ, झऱ्याच्या पाण्यावर, एक पांढरी शिळा. तेवढी खूण पुरली. जुलै १९११ मध्ये बिंगम माचू पिचूला पोचला. ऑगस्टमध्ये तो पुक्युराला गेला, टेकडीवरचा वाडा पाहिला, ओढ्याच्या काठाने चालत राहिला, आणि त्याच्यासमोर शिळा व पाणी दोन्ही उभी राहिली. जाळणाऱ्यांच्या वारसानेच जळालेल्या जागेचा पत्ता तीनशे वर्षे जपून ठेवला होता.

दैवाची गंमत अशी, की पुढचा पत्ता बिंगमला ओळखता आला नाही. वित्कोसहून कित्येक दिवस उतरत गेले की हवा उष्ण होते, वेली डोक्यावर येतात आणि सुमारे दीड हजार मीटर उंचीवर एस्पिरितू पांपा लागते. बिंगम तेथेही १९११ मध्ये गेला. झाडीत त्याला काही भिंती आणि काही स्पॅनिश धाटणीची कौले दिसली. कौले पाहून तो गोंधळला, आणि इंकांची शेवटची राजधानी माचू पिचूच होती असे मरेपर्यंत मानत राहिला. १९६४ साली जीन सॅव्हॉय याने एस्पिरितू पांपातील झाडी दूर सारून शहराचा मोठा विस्तार दाखवला, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जॉन हेमिंग यांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे हेच विल्काबांबा असे सिद्ध केले. त्यांचा एक मोठा पुरावा ती कौलेच. इंकांची घरे गवताने शाकारलेली असत. पण या शेवटच्या राजधानीत काही घरांवर स्पॅनिशांचे पाहून भाजलेली कौले चढली होती. ज्या शत्रूपासून पळायचे, त्याच्या घराचे छप्पर मात्र त्यांना आवडले होते.

वांकाकायेहून युराक रुमीपर्यंत तासाभराची चाल आहे. तेथे पाटी असते, कधीकधी एखादा गुराखी असतो. शिळेखालचे पाणी अजून आटलेले नाही. गुरे त्या ओढ्यालाच पाणी पितात.